विषुववृत्तावरचं घोंगडं

फेब्रुवारी निम्मा सरला की आमच्या आष्ट्यात वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांची धडगत नसते. साखर कारखान्याच्या धुराड्यातनं निघालेली काळी, हलकी राख उडत उडत येते आणि नेमकी माझ्या धुतलेल्या सदऱ्यावर बसते. रस्त्यानं दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर कर्णे लावून जातात. गाणं कसलं, तर ऐकणाऱ्यानं कान धुऊन घ्यावेत असलं. हवेत मळीचा आंबूस-गोड वास. या गावात मी तीस वर्षं भूगोल शिकवला, इथंच घर बांधलं, इथंच निवृत्त झालो, पण या वासाशी माझं कधी जमलं नाही. मी माणातला, दहिवडीच्या पलीकडच्या कोरड्या माळावरचा. आमच्याकडं याच दिवसांत जोंधळ्याची सुगी असते. वाळली पानं, उकरलेली माती आणि भाजल्या कणसाचा धूर असा तिचा वास. उसाच्या राशीत वाढलेल्या लोकांना तो सांगून कळायचा नाही, म्हणून मी सांगत नाही.

यंदा मात्र सुगीच्या दिवसांत माझ्या दिवाणखान्यात वेगळंच पीक आलंय. सतरंजीभर पसरलेलं हे पीक माझ्या मुलीचं, प्राजक्ताचं आहे. ती पुण्यात संगणकाच्या कंपनीत काम करते आणि दोन मैत्रिणींबरोबर महिनाभर जावा-सुमात्रा आणि आसपासची बेटं पाठीवर पिशवी टाकून हिंडणार आहे. या प्रकाराला बॅकपॅकिंग म्हणतात. माण तालुक्यातली निम्मी माणसं पाठीवर बोचकं टाकून मुंबईला गेली, त्यांना आजतागायत कुणी बॅकपॅकर म्हटलेलं नाही. ती परत आली तेव्हा त्यांचे फोटो बघायलाही कुणी जमलं नव्हतं.

चार दिवस मी खुर्चीत बसून हा तमाशा बघतोय. पिशवीत पिशव्या, त्या पिशव्यांत आणखी पिशव्या. टॉवेल म्हणून जे आणलंय ते चष्मा पुसायच्या फडक्याएवढं आहे, पण ते म्हणे दहा मिनिटांत वाळतं. आमचा साधा पंचासुद्धा माणाच्या उन्हात दहा मिनिटांतच वाळायचा, त्याची कुणी जाहिरात केली नाही. सदरा गुंडाळायचा कसा हे शिकवणारा एक दाढीवाला माणूस तिच्या फोनमध्ये आहे. एक सदरा गुंडाळायला तो वीस मिनिटं घेतो, आणि ही वही घेऊन बसल्यासारखी त्याच्याकडं बघत असते. माझ्या वर्गात ही इतकं लक्ष देऊन कधी बसली नाही.

परवा तर कहर झाला. तिनं माझ्या हत्यारांच्या पेटीतली करवत घेतली आणि दात घासायच्या ब्रशची दांडी मधोमध कापली.

“हे काय?”

“वजन वाचतं, पप्पा. विमानात सातच किलो नेता येतात.”

“आणि तो कॅमेरा? तो दीड किलोचा आहे.”

“तो लागतोच.”

मी विचारलं, “विषुववृत्त कुठल्या कुठल्या बेटावरून जातं, सांग.”

“थांबा, बघते,” म्हणून तिनं फोन उचलला. मी हात टेकले. ही मुलगी नववीत माझ्याच वर्गात होती, तिसऱ्या बाकावर.

पण एकट्या तिला नावं ठेवून अन्याय करणार नाही, माझ्याकडं सगळ्यांसाठी पुरेसं आहे. शेजारचे निवृत्त हवालदार काल सकाळी आले आणि खिशातनं एक काळी माकडटोपी काढून माझ्यासमोर धरली.

“मास्तर, पोरगी बाहेर निघाली म्हनं. ही ऱ्हाऊ दे तिच्याजवळ. लेहला माजं कान गळून पडायची येळ आलीवती, हिनं वाचीवलं.”

“हवालदार, ती विषुववृत्तावर चाललीय. तिथं लोक घामानं निथळत असतात.”

“व्हय की,” हवालदार म्हणाले. “पन लांबच हाय न्हवं?”

त्यांच्या मागोमाग कोपऱ्यावरची मावशी लोकरीचे मोजे घेऊन आली. आमच्या सौभाग्यवतींनी ते प्रसाद घ्यावा तसे दोन्ही हातांनी घेतले. मी काही बोलायच्या आत मला म्हणाल्या, “आवं, गप बसा की जरा. लोकं मायेनं देत्यात.”

लोक मायेनं देतात हे खरं, पण नकाशा बघून देत नाहीत. माझ्या माणाचा आणि या आष्ट्याचा, अशा आमच्या दोन्ही जिल्ह्यांचा हा मुलखावेगळा समज आहे, की लांब म्हणजे थंड. पिढ्यान् पिढ्या इथनं जो कोणी लांब गेला तो फौजेत गेला, आणि फौजेतला माणूस सुट्टीवर येऊन गोष्टी सांगतो त्या बर्फाच्याच. त्यामुळं इकडच्या माणसाच्या डोक्यात जग म्हणजे एक घसरत जाणारी थंडी आहे. पुणं थोडं गार, दिल्ली जास्त गार आणि त्याच्यापलीकडं सगळा हिमालय. जावा बेट त्यांच्या हिशेबानं हिमालयाच्याही पुढं, म्हणजे तिथं तर विचारायलाच नको. तीस वर्षं मी या लोकांच्या पोरांना कटिबंध शिकवले. पोरं पास झाली, फौजेत गेली आणि सुट्टीवर आल्यावर मलाच बर्फाच्या गोष्टी सांगू लागली.

या समजाचा मला पहिला राग आला तो एका सुगीत. त्या सुगीबद्दल मी आजवर फक्त हसण्यापुरतंच बोललोय.

मी बारावीला होतो, कला शाखेला, आणि भूगोलात तालुक्यात आपल्याइतकं कुणाला कळत नाही अशी माझी पक्की खात्री होती. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, फौजेत शिपाई होता. फौजी माणूस वर्षाची सुट्टी सुगीला धरूनच घेतो. दोन महिने घरी आला, की पहिल्या दिवशी पाहुणा आणि दुसऱ्या दिवसापासून गडी. तो पहाटे रानात जायचा. जोंधळ्याच्या पानांवर दव असतं तोवर ताटं उपटली तर पानं चुरत नाहीत. दादा उघड्या अंगानं ओळ धरायचा आणि एका दमात बांधापर्यंत जायचा. मुळाला लागलेली माती पायावर आपटून झाडायचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. ऊन चढलं की कणसांची कूस उडायची, मानेला, कोपराला, पापणीला खाज सुटायची. दुपारी बुचाडाच्या, म्हणजे उभ्या रचलेल्या पेंढ्यांच्या, सावलीत आई भाकरी सोडायची. कांदा बुक्कीनं फोडायचा, आणि त्याच्या वासात कडब्याचा वास मिसळायचा.

मी त्या सावलीत नकाशाचं पुस्तक घेऊन बसलेला असायचो. परीक्षा जवळ आली होती, म्हणून मला काम माफ होतं. पायांना माती न लागलेला मी एकटाच त्या रानात होतो आणि मला त्याची लाज वाटायच्या ऐवजी ऐट वाटायची.

सुट्टी संपत आली तेव्हा कळलं, की दादाची बदली अंदमानला झालीय. गावात तासाभरात बातमी फिरली. म्हातारी माणसं “काळ्या पान्याला धाडला रं पोराला” म्हणून हळहळून गेली. आणि माझ्या आईनं लोकर बाहेर काढली.

आमच्या घरची रीत अशी. घरातलं माणूस पहिल्यांदा एखाद्या लांबच्या मुलखाला निघालं, की त्याच्यासाठी नवं घोंगडं विणून घ्यायचं. निघायच्या दिवशी घोंगड्याच्या दशीत, म्हणजे कडेला सुटलेल्या दोऱ्यांत, खंडोबाचा चिमूटभर भंडारा बांधायचा. जाणाऱ्यानं मुक्कामी पोचल्यावर ती गाठ सोडायची आणि भंडारा कपाळाला लावायचा. मधेच सोडायची नाही. आईनं विणकराकडनं काळंभोर घोंगडं आणलं. चिंचोक्याची खळ दिलेलं नवं घोंगडं ताठ असतं, अंगाला टोचतं, आणि त्याला मेंढराचा आणि खळीचा मिळून एक उग्र वास असतो. घरभर तो वास दरवळला. भंडारा बांधायला चिंधी मिळेना, म्हणून आईनं माझ्या शाळेतल्या जुन्या खाकी पँटची पट्टी टरकन फाडली आणि तिची कचकचीत गाठ मारली.

मी नकाशाचं पुस्तक आईच्या पुढ्यात धरलं. “आई, हे बघ. हा आडवा पट्टा दिसतोय ना? इथं बारा महिने घाम येतो. अंदमान इथं आहे. तिथं घोंगडं नेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा आहे.”

आईनं पुस्तकावर नजरसुद्धा टाकली नाही. “आसूं दे. लांब हाय न्हवं?”

मग मी दादाकडं गेलो. तो ट्रंकेवर आपलं नाव पांढऱ्या रंगानं गिरवत बसला होता. “दादा, तू तरी सांग तिला. तू शिकलेला आहेस.”

“न्हेतो की,” दादा म्हणाला. “काय जातंय माजं?”

मला दोघांचीही कीव आली. खरं सांगायचं तर कीव नव्हती ती, तिटकारा होता. ही माणसं, यांची चिंधी, यांचा भंडारा, पुस्तक समोर धरलं तरी न बघणारे यांचे डोळे! बारावीतल्या पोराला तिटकारा करायला फार काही लागत नाही, आणि माझ्याकडं तर छापील पुरावा होता. निघायच्या दिवशी दुपारी आई खंडोबाला नारळ ठेवायला गेली, दादा गावात निरोप घ्यायला गेला, आणि मी ट्रंक उघडून घोंगडं बाहेर काढलं. वरचे कपडे फुगवून ठेवले, म्हणजे जागा भरलेली दिसावी. घोंगडं माळ्यावर बियाण्याच्या पोत्यांमागं कोंबलं. त्या अडाणी घरात त्या दिवशी एक तरी शास्त्रीय काम झालं, असं मला वाटलं.

दहिवडीच्या स्टँडवर दादाला सोडायला मी गेलो होतो. गाडी लागली. दादानं ट्रंक खांद्यावर घेतली, क्षणभर थांबला, परत खाली ठेवली आणि परत उचलली. माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, घर सोडताना माणसाचं असं होत असावं. मग तो टपावर चढला, ट्रंक दोरीनं बांधली आणि खाली येऊन म्हणाला, “पेपर नीट लिव्ह.” गाडी गेली. मी पाण्याच्या टाकीजवळ उभं राहून चहा प्यायलो आणि आपण एका माणसाचं ओझं हलकं केलं या समाधानात घरी आलो.

पत्र आलं ते परीक्षा सुरू व्हायच्या तोंडावर. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून घरातली सगळी पत्रं मीच वाचायचो. निळ्या आंतरदेशीय पत्रावर दादाचं गिचमीड अक्षर. ‘आईस सांगणे की मध्ये आठ दिवस हिवताप आला होता. थंडी फार वाजली. घोंगडे लई उपयोगी पडले, तेच अंगावर होते. आता बरा आहे. बारक्याचा अभ्यास चालू असेल.’

मी ते सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. आई चुलीपुढं बसून तव्यावरची भाकरी उलटत होती. तिनं विचारलं, “घोंगडं कामाला आलं म्हन्तोय न्हवं?”

“हो. असं लिहिलंय खरं.”

“मग बरं झालं,” आई म्हणाली. “तू आब्यास कर.”

ती पाणी आणायला गेली तशी मी माळ्यावर चढलो. पोत्यांमागं हात घातला. घोंगडं नव्हतं. मी सगळी पोती हलवली, माळा धुंडाळला, नाकातोंडात धूळ गेली. घोंगडं नव्हतंच. मग खाली बसून मी तर्क लढवला. दादा निरोप घेऊन लवकर परतला असणार, त्यानं ट्रंक तपासली असणार, माळ्यावरनं घोंगडं शोधून परत भरलं असणार आणि आईच्या समजुतीखातर ते धूड विषुववृत्ताशेजारी घेऊन गेला असणार. तर्क चोख होता. माझ्या छातीवरचं दडपण उतरलं, आणि त्याच्या जागी तो जुना, ओळखीचा तिटकारा येऊन बसला. नेलंच तर शहाण्यानं! पेपर मला झकास गेले. भूगोलात मी कॉलेजात पहिला आलो.

पुढच्या सुट्टीला दादा आला तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “घोंगडं कुठाय?”

“दिलं तिकडंच एका पोराला,” दादा म्हणाला आणि विळ्याला धार लावायला लागला.

मी मास्तर झालो. उष्ण कटिबंधाचा धडा आला, की दर वर्षी मी फळ्यावर आडवी रेघ ओढायचो. हे विषुववृत्त. रेघेवर काड्यांचा एक माणूस काढायचो, वर डोक्यावर सूर्य, त्याच्या अंगातनं निघणारे घामाचे थेंब. मग खडू आडवा धरून त्याच्या अंगावर घोंगडं चढवायचो. “हे आमचे बंधू,” मी म्हणायचो. “विषुववृत्ताच्या दाराशी घोंगडं घेऊन गेलेला भारतीय फौजेतला एकमेव जवान.” वर्ग असा हसायचा की शेजारच्या वर्गावरचे मास्तर दारात यायचे. पोरं बाकी सगळा भूगोल विसरली असतील, हे नाही विसरली. अजून बाजारात कुणी दाढीमिशीवाला विद्यार्थी भेटला तर विचारतो, “सर, ते घोंगड्याचं सांगायचात बघा!” आणि आम्ही दोघंही परत हसतो.

तर ही झाली ती सुगी. आता दिवाणखान्यात या.

काल दुपारी दादा आला. सत्तरीला टेकलाय, पण दहिवडीहून दोन एसट्या बदलून आला आणि स्टँडवरनं चालत. पांढरा पायजमा, टोपी, खांद्याला युरियाच्या गोणीची पिशवी. प्राजक्ता पाया पडली. “आप्पा, उन्हातनं कशाला आलात?”

“तू निगालीस म्हनल्यावर यायला नगं व्हय?” त्यानं सतरंजीवरच्या सामानावर नजर फिरवली. पिशव्यांतल्या पिशव्या, गुंडाळलेले सदरे, चष्म्याच्या फडक्याएवढा टॉवेल. मी खुर्चीत सरसावून बसलो. म्हटलं, आता एक जाणकार साथीला आला. दादा खाली वाकला. “किट लावलंस व्हय? झ्याक लावलंस.” मग त्यानं तो अर्धा कापलेला ब्रश उचलला. “आमी बी कापायचो. दांडी लय आडवी येती पिशवीत.”

प्राजक्तानं माझ्याकडं विजयी मुद्रेनं बघितलं. मी वर्तमानपत्र उघडलं.

मग दादानं गोणीतनं एक काळं घोंगडं बाहेर काढलं आणि तिच्या पुढ्यात ठेवलं. “घरातनं लांबच्या मुलखाला घोंगडं जातंय आपल्यात. आता नवं विणनारा कुठनं आनू? घरात ह्येच हुतं.”

प्राजक्ता खो-खो हसली. तिच्या हसण्यात वाईट काही नव्हतं, एवढं मला सांगायलाच हवं. “आप्पा, हे तेच का? पप्पा वर्गात सांगायचे ते? विषुववृत्तावरचं घोंगडं?” आणि तिनं उभं राहून सगळं करून दाखवलं. आडवी रेघ, काड्यांचा माणूस, घामाचे थेंब. माझा आवाज, माझा खडू धरायचा हात, ‘भारतीय फौजेतला एकमेव जवान’. नक्कल उत्तम होती. दादा मान हलवत हसत होता, गोष्ट आपली आहे हे कळायला त्याला जरा वेळ लागला असावा. कळल्यावरही तो हसतच राहिला, फक्त जरा हळू.

मी म्हणालो, “ते हे नव्हे. ते यानं तिकडंच कुणाला तरी देऊन टाकलं.”

“पप्पा, ही गाठ कसली?” प्राजक्तानं घोंगडं उलगडलं होतं. दशीच्या टोकाला एक चिंधी बांधलेली होती. चिंधीचा रंग उडाला होता, पण शिवण ओळखू येत होती. माझ्या शाळेतल्या पँटची खाकी. गाठ चाळीस वर्षांत दगडासारखी घट्ट झालेली. तिला कधी कुणाचं नख लागलेलं नव्हतं.

मी ती गाठ हातात घेतली. मुक्कामी पोचल्यावर सोडायची गाठ. मी दादाकडं बघितलं.

“हे गेलंच नव्हतं?”

दादा गोंधळला. “म्हंजे? तूच काढलंवतंस की रं.”

“मग पत्र?”

“आयनं कळीवलं तसं लिवलं.” तो आता माझ्याकडं नीट बघायला लागला. “आयनं तुला सांगितलं न्हाई कवा? मला वाटलं, मरायच्या आदी तरी सांगितलं आसंल.”

मग त्यानं सांगितलं. त्याच्या सांगण्यात कुठं जोर नव्हता, पाण्याची पाळी कुणाची होती हे सांगावं तसं सांगत होता. स्टँडवर ट्रंक उचलतानाच त्याला वजनावरनं कळलं होतं. चौथ्या दिवशी आईला बियाणं काढताना माळ्यावर घोंगडं सापडलं. तिनं ते आपल्या ट्रंकेत तळाशी घातलं आणि शेजारच्या मुलीकडनं गुपचूप पत्र लिहून घेतलं. ‘बारक्यानं घोंगडं काढलं आहे. त्याचे पेपर आहेत. मी त्याला काही बोललेली नाही, तूही काही लिहू नकोस. पोचलं म्हणून लिही, नाहीतर त्याचं चित्त लागायचं नाही.’ हे पत्र दादाच्या हातात पडलं तेव्हा तो हिवतापानं फणफणलेला होता.

“मग अंगावर काय घेतलंस?” प्राजक्तानं विचारलं.

“पलटनीतल्या पोरांनी टाकल्या की आपापल्या चादरी. तरी बी दात वाजायचं. भाईर ही आग पडलीया आन् आत थंडी.” तो हसला. “तवा वाटलं बग, आय म्हन्ती ते खोटं न्हाई. लांब थंडीच आसती.”

आमच्या घरात एका वेळी तीन माणसं खोटं बोलत होती. त्यातली दोघं एकमेकांच्या संगनमतानं, तिसऱ्याचा पेपर नीट जावा म्हणून. तिसरा पत्र वाचून दाखवत होता. आणि ज्या बाईला मी अडाणी समजत होतो ती माझ्या तोंडून ते खोटं शांतपणे ऐकत भाकरी भाजत होती, मी कुठं अडखळतो का बघत. मी नापास झालो असतो तर त्यांनी मला सांगितलं असतं. मी पहिला आलो, म्हणून राहून गेलं. त्या भूगोलाच्या गुणांवर मी नोकरी मिळवली, आणि त्या नोकरीत तीस वर्षं दर फेब्रुवारीत माझ्या भावाला फळ्यावर काढून हसलो. आयुष्यभर मी ज्यांचा तिटकारा केला त्या सगळ्यांना रांगेत उभं केलं, तरी त्यात माझ्याइतका तिटकारा करण्याजोगा माणूस सापडायचा नाही. हे मी विनयानं म्हणत नाही. या विषयात माझा अभ्यास दांडगा आहे.

प्राजक्तानं घोंगडं सामान तोलायच्या आपल्या आकड्याच्या काट्याला लटकवलं. अडीच किलोच्या वर भरलं. ती दादाकडं बघून खजील झाली. “आप्पा, नाही हो बसत.”

“नगं न्हेऊस मग. तापाच्या गोळ्या घेतल्यास न्हवं? झालं तर.”

“ही गाठ तरी सोडू? भंडारा लावते कपाळाला.”

“आत्ता न्हाई,” दादा म्हणाला. “पोचल्यावर सोडायची आसती ती.” त्यानं घोंगड्याची घडी घातली आणि माझ्या खुर्चीच्या हातावर ठेवली. मावशीचे लोकरीचे मोजे मात्र प्राजक्तानं पिशवीत टाकले. पिशवीची चेन मीच ओढून दिली. सौभाग्यवतींनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

आज सकाळी दादाला सोडायला आष्ट्याच्या स्टँडवर गेलो. रानात जोंधळा उभा आहे, थांबून चालत नाही म्हणाला. उसाचे ट्रॅक्टर ओळीनं चालले होते, कर्णे चालू, कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नव्हतं. विट्याची गाडी लागली. त्याची रिकामी गोणी मी हातात धरून होतो, उगाचच. तो चढून खिडकीशी बसला तेव्हा मी ती वर दिली आणि खिडकीचा गज धरून उभा राहिलो. रात्रभर मनात जुळवलेली वाक्यं आठवेनात. वर्गात मला एकही दिवस शब्द कमी पडला नव्हता.

“दादा, ते वर्गात मी जे सांगायचो...”

“पोरं हसायची का?”

“हसायची.”

“लय?”

“लय.”

कंडक्टरनं घंटी दिली. दादानं टोपी सारखी केली.

“मग झालं की,” तो म्हणाला. “घोंगडं कामाला आलं म्हनायचं.”